गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांचे वाडे जाळले, त्यांच्या जमिनी गेल्या आणि त्यांना गाव सोडावं लागलं, हे खरं आहे का? त्याचा परिणाम आजही दिसतो का?

वाडे जाळले हे खरं. पण जमिनींचं काय झालं ते वेगळं प्रकरण आहे. तुम्ही दोन्ही एकाच वाक्यात घातलंत आणि आमचे मोठे काका जन्मभर नेमकं हेच करत आलेत, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. घरात कुलकर्णी वतन, जोडीला थोडी सावकारी. ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या. मारणारा हिंदू आहे हे रेडिओने लगेच सांगून टाकलं, म्हणून देशभर मुसलमानांवर येऊ शकणारं संकट टळलं. इकडे मात्र गोडसे हे आडनाव कळलं आणि सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात वाडे पेटले. कोल्हापुरात चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जाळला. मुंबईत सावरकरांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव दगडफेकीत जबर जखमी झाले, पुढच्या वर्षी गेलेच.

आमच्याकडे लोक दुपारी आले. आजी सांगायची, आधी बायकापोरांना बाहेर काढलं, गोठ्यातल्या गाई सोडल्या, मग माडीवरचं दप्तर खाली आणून अंगणात त्याची होळी केली. गहाणखतं, कर्जरोखे, खतावण्या. ते नीट जळल्यावर मग वाड्याला रॉकेल. काका म्हणतात, बाहेरगावचे गुंड होते. अहो, बाहेरगावच्या गुंडाला गहाणखतं माडीवरच्या कुठल्या पेटीत आहेत हे कोण सांगणार? आणि बापू गेल्याच्या दुःखाने वेडा झालेला माणूस कर्जरोखे वेचून जाळत बसत नाही. निमित्त दिल्लीचं होतं, हिशेब गावातला होता आणि तो बराच जुना होता.

असं म्हटलं की काका भडकतात. 'म्हणजे जाळलं ते बरं केलं म्हणतोस?' तसं मुळीच नाही. शेकडो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या माणसालाही केवळ जातीवरून दुसऱ्याच्या पापाचा धनी करायचं, हा शुद्ध नीचपणा होता. आमच्या गावात तर कुणाला एक दिवसाची शिक्षा झाली नाही. पण हेच काका दुसऱ्या श्वासात नथुरामची बाजू घेतात, तिथे माझं डोकं फिरतं. म्हणे, पाकिस्तानला ५५ कोटी द्यायला लावले म्हणून मारलं. १९३४ साली पुण्यात गांधींच्या गाड्यांच्या ताफ्यावर बॉम्ब पडला तेव्हा कुठलं पाकिस्तान आणि कुठले ५५ कोटी? ज्याच्या गोळ्यांनी आपलं घर पेटलं त्याची आरती करायची आणि राखेचं खापर गांधींवर फोडायचं!

आता जमीन. 'जळितात सगळं गेलं' हे आमच्या घरचं ठरलेलं वाक्य, काकांची नातवंडंही तेच बोलतात. मी तलाठ्याकडून जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीत झालेल्या बदलांच्या नोंदी, काढल्या. १९४८ नंतरही जमीन आजोबांच्याच नावावर, कुळ म्हणून खाली दुसऱ्याचं नाव. ती गेली कुळकायद्यात. १ एप्रिल १९५७ ला कसणारं कूळ मालक मानलं गेलं, मग त्याच कायद्याच्या ३२-ग कलमाखाली किंमत ठरली. सरकारी आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) २० ते २०० पट, म्हणजे तेव्हाही फार नव्हे, पण कागदोपत्री किंमत ठरली आणि आजोबांनी हप्ते घेतले. मधली वर्षं ते गावातच होते. जळिताचं सरकारी कर्ज काढून जुन्या जोत्यावर दोन खोल्या उभ्या केल्या होत्या. एका अंगाने कोळसा झालेली वाड्याची तुळई सुताराकडून तासून घेऊन तिथेच आढ्याला घातली. माळ्यावर काही ठेवायला चढलं की हाताला काळं लागायचं. पुण्याला बिऱ्हाड हललं ते काकांच्याच कॉलेजसाठी. हे त्यांनी सोयीस्कर विसरावं?

परिणाम म्हणाल तर संघावर फेब्रुवारी १९४८ ते जुलै १९४९ बंदी आली. १९६४ मध्ये नथुरामचा भाऊ आणि कटातला आरोपी गोपाळ गोडसे सुटल्यावर पुण्यात सत्कार झाला, त्यात टिळकांचे नातू ग. वि. केतकरांनी कटाची आधीच कल्पना असल्याचं सांगितलं, गदारोळ होऊन पुढे या कटाच्या चौकशीसाठी कपूर आयोग नेमला गेला. हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. मला विचाराल तर खरा परिणाम असा, की गावात जळिताचा विषय कुणी काढत नाही आणि शहरात गेलेले दुसरं काही बोलत नाहीत. आमच्या कुळाचा नातू माझ्याच वयाचा आहे. शेतावर नेऊन हुरडा खाऊ घालतो, पण वाड्याच्या जोत्यापाशी आलो की पाऊसपाण्यावर बोलायला लागतो. मीही बोलतो.

हे आमच्या घरापुरतं आहे, हेही सांगायला हवं. काही ठिकाणी माणसं मारली गेली. काही कुटुंबं भीतीने त्याच आठवड्यात निघाली ती परतलीच नाहीत, आणि मालक गावात नसल्यावर कुळकायद्यात त्यांची बाजू मांडायलाही कुणी उरलं नाही. त्यांच्या बाबतीत जळीत आणि जमीन यांचा संबंध लागतो. त्यांना माझा युक्तिवाद ऐकवू नका.

तुमच्याही घरात अशी गोष्ट सांगितली जात असेल तर गट नंबर घेऊन तलाठ्याकडे जा, जुने फेरफार मागा, तारखा बघा. काका, उत्तराची लिंक घरच्या ग्रुपवर टाकतोय. फेरफाराचा फोटो मागच्या गणपतीतच पाठवलाय, अजून उघडलेला दिसत नाही.