सत्तरपैकी की दहापैकी?

प्रश्न : मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो. माझ्याकडे 25 सिल्व्हर ईगल (अमेरिकेची चांदीची आधुनिक नाणी, सगळी 70 ग्रेडची) आणि 6 मॉर्गन डॉलर (चांदीचे जुने डॉलर) आहेत, सगळी स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेड लिहिलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत, सीलबंद. नाण्याची स्थिती मोजणारी 70ची पट्टी जाऊन 10ची किंवा 100ची येणार असं कानावर येतंय. डीलर म्हणतो, आत्ताच सगळी पुन्हा ग्रेड करून घ्या, नाण्यामागे 40 डॉलर पडतील. शिवाय 1881-एस (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीच्या) मॉर्गनला 64 मिळालेत, ते मला कमी वाटतात. काय करू?

उत्तर : एकतीस नाण्यांचे 1,240 डॉलर होतात. एवढे घालवू नका.

70 हा आकडाच मुळात विचित्र. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी तो बसवला. 1 ग्रेडच्या नाण्यापेक्षा 70 ग्रेडच्याला सत्तरपट भाव, असा हिशेब. भावाचं गणित केव्हाच मोडलं, पट्टी मात्र राहिली. न वापरलेली नाणी सगळी 60 ते 70 मध्ये कोंबलेली, म्हणून 100ची मागणी होते. टक्केवारीवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ती पटतेही. पण जुन्या पट्टीवरचे लाखो स्लॅब बाजारात आहेत. ते पुन्हा तपासायला गेले तर फी कुणाच्या खिशात जाईल, हे डीलरला जरूर विचारा.

नाण्यांना ग्रेड देणाऱ्या एनजीसी या कंपनीने 2023 मध्ये आधुनिक नाण्यांसाठी दहाची पट्टी आणलीच. तिच्यात 70 म्हणजे 10 आणि 69 म्हणजे 9.9. तुमच्या ईगलचं त्यात काही कमी होत नाही.

ईगलची काळजी वेगळीच आहे. आत चांदी एक औंस. चांदीच्या भावावर दिलेला प्रत्येक डॉलर लेबलचा. टेबल लॅम्पखाली एकेक स्लॅब तिरपा धरून बघा. चांदीवर पांढरट, दुधाळ ठिपके उठलेले दिसले, तर ते नाणं पुन्हा पाठवल्यावर 70 टिकणं कठीण. चांदीच हवी असेल तर बिनस्लॅबची ईगल स्वस्त पडतात. पंचवीस सत्तरी जपण्यात मला तरी अर्थ दिसत नाही. निम्मी हळूहळू विका.

आता मॉर्गन. हे डॉलर टांकसाळीतून हजार-हजारांच्या थैल्यांत भरून निघत, त्यामुळे नाण्यावरच्या लिबर्टीच्या (स्वातंत्र्यदेवतेच्या) गालावर ओरखडे उठत. ग्रेड बहुतेक त्या गालावरच ठरतो. भिंग लावून गाल बघा. 65 मिळायची शक्यता तीनात एक धरली, तर 64 आणि 65 च्या भावात 120 डॉलरहून जास्त फरक हवा, तरच 40 डॉलर वसूल. लिलावातले प्रत्यक्ष विक्रीचे आकडे काढा, मागितलेले भाव नकोत. 1881-एस चांगल्या स्थितीत ढिगाने मिळतं, त्यामुळे मी पाठवलं नसतं.

विकायला काढण्याआधी खरेदीच्या पावत्या शोधा. वर्षाहून जास्त ठेवलेल्या नाण्यांच्या नफ्यावर फेडरल कर 28 टक्क्यांपर्यंत जातो, आणि नाणं कितीला घेतलं हे दाखवायची जबाबदारी तुमची.