नियासचे लाकडी घर जपताना सुरुवातीला काय पाहावे

आपण इंडोनेशियातील नियास बेटावरील ‘ओमो हाडा’ या पारंपरिक घराच्या जतनाचे काम हाती घेतलेत, याचा मनापासून आनंद झाला. २८ मार्च २००५ च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपात काँक्रीटच्या अनेक इमारती कोसळल्या, तरी अशी कित्येक घरे उभी राहिली. कारण त्यांचे खांब जमिनीत न पुरता दगडांवर नुसते टेकवलेले असतात आणि त्यांमधील तिरके टेकू हादरा सोसतात.

म्हणून सुरुवातीला एवढेच सांभाळा :

- खांबांचे पाय सिमेंटमध्ये पक्के करू नका. मजबुतीच्या सद्हेतूने होणारी हीच सर्वांत घातक चूक आहे.
- अडचण होते म्हणून तिरका टेकू काढू नका.
- आधी छपराची गळती थांबवा.

सांध्यांची दुरुस्ती तूर्त गावातील अनुभवी सुतारावर सोपवा आणि शेजारी बसून ती पाहा.