‘नस कटली’ म्हणजे नेमकं काय कापलं?

अंबाजोगाईहून प्रश्न आला आहे: ऊस तोडताना कोयता मनगटाला लागला, दवाखान्यात ‘नस कटली’ असं सांगितलं. तर नस, शीर आणि मज्जातंतू एकच का? आणि ‘नस’ हिंदी म्हणून टाळावी का?

एकच नव्हेत. मज्जातंतू म्हणजे नर्व्ह, स्पर्श नि हालचालीचे संदेश नेणारा धागा. पण आपल्याकडे रक्ताची धार लागली की शीर तुटली, पोटरीत गोळा आला की शिरेवर शीर चढली, बोट बधिर झालं तरी शीरच दबली! शीर म्हणजे संस्कृत सिरा, रक्तवाहिनी. बोट वाकत नाही पण स्पर्श कळतो, तर बहुधा कंडरा, म्हणजे मांस हाडाला बांधणारी दोरी, तुटली. करंगळी नि शेजारच्या बोटाची तिच्याकडची बाजू बधिर आणि बोटं फाकवता येत नाहीत, तर मनगटातून करंगळीकडे जाणारा अल्नर मज्जातंतू गेला. ‘नस’ निर्दोष आहे, ती संस्कृत स्नसा. हिंदी आहे ते ‘कटली’.

खरी गंमत स्नायूची. सुश्रुतसंहितेत स्नायू 900 आणि पेशी 500, म्हणजे मांसाला पेशी नि बांधून धरणाऱ्या दोरांना स्नायू. मराठीने ‘स्नायू’ हा शब्द मांसाला दिला, बंगालीने मज्जातंतूला. ग्रीक ‘नेउरॉन’ याच घराण्यातला. त्याचाही जुना अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी. न्यूरॉन आणि स्नायू चुलतभाऊ आहेत, आणि आपण त्यांना ओळखही देत नाही.

‘मज्जातंतूत मज्जा कुठे? चेतातंतू म्हणा,’ असं पाठ्यपुस्तकवाले दटावतात. मग मायलिनचं काय करणार? जर्मन वैद्य फिरखोने 1854 साली तंतूवरच्या आवरणाला दिलेलं हे नावही मज्जेच्या ग्रीक शब्दावरूनच आलंय. जुना शब्द मुळीच चुकलेला नाही.

ब्रिटिश सर्जन सेडनची मज्जातंतूच्या इजांची 1943ची वर्गवारी तर या आवरणापासूनच सुरू होते. न्यूरोप्रॅक्सियात फक्त मायलिन बिघडतं, आतला अक्षतंतू (ॲक्सॉन, संदेश नेणारा मूळ धागा) शाबूत. बारा आठवड्यांच्या आत हात पूर्ववत होतो. ॲक्सोनॉटमेसिसमध्ये अक्षतंतू तुटतो, पण बाहेरची नळी टिकते. त्या नळीतून तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. न्यूरॉटमेसिसमध्ये सगळंच तुटतं, तिथे टाक्यांवाचून गत्यंतर नाही. संडरलंडने 1951 साली याच्या पाच पायऱ्या केल्या; सर्जनला त्या लागतात, घरच्यांना तीन पुरे.

कोयत्याचा वार स्वच्छ असतो, म्हणून तुटलेल्या मज्जातंतूची टोकं पहिल्या दोन-तीन दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक नायलॉनने जोडतात. ताण मात्र अजिबात चालत नाही. ताणून जोडलं की टोकांचा रक्तपुरवठा तुटतो नि मध्ये व्रण भरतो. अंतर राहिलंच तर पोटरीतला सुरल मज्जातंतू काढून मध्ये बसवतात. बदल्यात पावलाची बाहेरची कड बधिर होते. कडबाकुट्टीत चिरडलं असेल तर घाई नको. टोक कुठवर मेलंय हे लगेच दिसत नाही, म्हणून साधारण तीन आठवडे थांबतात. पण दीड वर्ष घालवाल तर तंतू पोचेपर्यंत मांसच वाळून गेलेलं असतं.