वक्रीभवन, अपवर्तन की प्रणमन?

एका आईची विचारणा आहे. मुलगी यंदा दहावीला. विज्ञानाच्या पुस्तकात धड्याचं नाव 'प्रकाशाचे अपवर्तन'. आईने स्वतःच्या शाळेत हेच सगळं 'वक्रीभवन' म्हणून पाठ केलेलं. शंका फिटावी म्हणून मराठी विश्वकोश उघडला, तर तिथे हिऱ्या-माणकांच्या नोंदींत 'प्रणमनांक', म्हणजे मुळात 'प्रणमन' असा तिसराच शब्द. "हे तिन्ही एकच का? एकच असतील तर बरोबर कुठला? आणि मुलीने पेपरात माझा शब्द लिहिला तर?"

तिन्ही एकच. हवेतून पाण्यात किंवा काचेत तिरपा शिरताना प्रकाशाचा किरण दिशा बदलतो, त्या घटनेची ही तीन नावं. पेपरात मात्र अपवर्तनच लिहू द्या. तपासणाऱ्याच्या हातातल्या नमुना उत्तरात तोच शब्द असणार, आणि दोन गुणांसाठी शब्दशास्त्राचा वाद घालायची ती जागा नव्हे.

आता वाद घालूया.

वक्रीभवन हा माझ्याही शाळेतला शब्द, त्यामुळे मी थोडा पक्षपाती आहे हे आधीच सांगतो. व्याकरणाच्या दृष्टीने तो फार नेटका आहे. संस्कृतात जे आधी तसं नव्हतं ते तसं झालं, हे सांगायला च्वि नावाचा प्रत्यय आहे. बाष्प नव्हतं त्याची वाफ झाली, ते बाष्पीभवन. घन नव्हतं ते घन झालं, ते घनीभवन. तसंच वक्र नव्हतं ते वक्र झालं, ते वक्रीभवन. किरण आधी सरळ होता आणि मग वाकला, ही सगळी गोष्ट एका शब्दात आली. शिवाय वक्र आपल्या ओळखीचा. 'वाकडा' त्याच कुळातला, आणि शनी वक्री झाल्याची बातमी तर विज्ञान न शिकलेल्यालाही कळते.

मग सोडला का? कुणी काय विचार करून सोडला ते राहू द्या. शब्दात एक खोट आहे ती मला भाच्याच्या वहीत दिसली. काचेची चीप, चार टाचण्या आणि पांढरा कागद घेऊन करायचा तो नेहमीचा प्रयोग. मी शेजारी बसून मोठ्या हौसेने "आमच्या वेळी याला वक्रीभवन म्हणायचे" असं सांगितलं. पोराने काचेच्या आत किरण काढला तो चक्क धनुष्यासारखा बाकदार! चूक त्याची नव्हे. वक्र म्हटल्यावर तो वक्ररेषा काढणार नाही तर काय करेल? प्रत्यक्षात किरण हवेत सरळ असतो, काचेतही सरळच असतो. काय व्हायचं ते फक्त सीमेवर, एका बिंदूपाशी होतं. काचेवर ४५ अंशांनी पडलेला किरण आत साधारण २८ अंशांनी जातो, आणि या दोन रेषांमध्ये बाक कुठेच नसतो, असतो तो कोपरा.

गंमत अशी की वक्रीभवन शब्दशः खरं ठरतं अशीही एक जागा आहे, ती म्हणजे वातावरण. वरची हवा विरळ, खालची दाट आणि मध्ये सीमारेषा नाहीच, त्यामुळे सूर्याचा किरण खरोखर बाक घेत खाली येतो. क्षितिजापाशी हे वळण अर्ध्या अंशाहून थोडं जास्त भरतं, आणि सूर्याचं बिंबही साधारण अर्ध्या अंशाचंच. म्हणून मावळतीचा सूर्य क्षितिजाला टेकलेला दिसतो, तेव्हा भूमितीच्या हिशेबाने तो केव्हाच खाली गेलेला असतो. मृगजळातही तेच. तिथे वक्रीभवन म्हणणाऱ्याला मी तरी चूक म्हणणार नाही.

आणि हा शब्द मेलेला मुळीच नाही. गुजरातीत पाठ्यपुस्तकाचा शब्द आजही वक्रीभवन आहे, कन्नडात वक्रीभवन, तेलुगूत वक्रीभवनम्. आपल्या तीन शेजाऱ्यांनी जपून ठेवलेला शब्द आपण मात्र पुस्तकातून बाहेर काढला. आपण घेतला तो हिंदीशी जुळणारा. हिंदी पुस्तकातल्या धड्याचं नावच 'प्रकाश – परावर्तन तथा अपवर्तन' असं आहे.

अपवर्तनाची बाजू मांडायची तर मुद्दा कुटुंबाचा. वृत् म्हणजे फिरणं, वळणं. परत फिरणं ते परावर्तन, बाजूला वळणं ते अपवर्तन, आणि कडेवरून किंवा फटीतून जाताना पसरणं ते विवर्तन. एकच धातू, उपसर्ग तेवढा बदलायचा. परिभाषा घडवणाऱ्याला असली मांडणी फार आवडते. पण परीक्षेच्या आदल्या रात्री उजळणी करणाऱ्या पोराला ती आवडतेच असं नाही, कारण तीन शब्दांची शेपटं सारखी आणि फरक काय तो डोक्यापाशी. 'परा' आणि 'अप' यांची अदलाबदल करून आलेली उत्तरं कुठल्याही विज्ञानशिक्षकाला विचारा, ढिगाने सांगेल. त्यातून आपल्या रोजच्या बोलण्यात वर्तन म्हणजे वागणूक. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला अपवर्तन म्हणजे किरणाचा काहीतरी आगाऊपणा वाटावा अशीच सोय.

या शब्दाला एक जुनं घरही आहे, ते गणितात. भास्कराचार्यांच्या लीलावतीत कुट्टक, म्हणजे समीकरणाची पूर्णांकातली उत्तरं शोधायची रीत सांगताना पहिली सूचना अशी, की भाज्य, हार आणि क्षेपक या समीकरणातल्या तीन दिलेल्या संख्यांना जमत असेल तर आधी अपवर्तन द्या. म्हणजे एकाच संख्येने भागून तिघांना लहान करून घ्या. १२/१८ चे २/३ करतो ते अपवर्तन. आपण शाळेत 'अतिसंक्षिप्त रूप' म्हणतो आणि मसावि-लसावि काढतो. हिंदीत मात्र मसाविला आजही महत्तम समापवर्तक म्हणतात. तेव्हा हिंदी माध्यमाचं मूल गणिताच्या तासाला एक अपवर्तन शिकतं आणि विज्ञानाच्या तासाला दुसरं.

इथे एक योगायोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. इंग्रजी रिफ्रॅक्शनचं मूळ लॅटिनमधल्या 'मोडणे' या क्रियापदात आहे. हाड मोडतं ते फ्रॅक्चर त्यातलंच आणि अपूर्णांकाला म्हणतात तो फ्रॅक्शनही त्यातलाच. म्हणजे अपवर्तन तिकडे अपूर्णांकाला धरून होतं आणि इकडे येऊन रिफ्रॅक्शनचा प्रतिशब्द झालं. शब्द घडवणाऱ्यांच्या हे मनात असेल असं मला वाटत नाही, पण जमून आलंय खरं.

राहिलं प्रणमन. नम् म्हणजे वाकणं, झुकणं. त्याला 'प्र' लागला की न चा ण होतो, प्रणाम होतो तसाच. पाण्यात शिरणारा किरण स्तंभिकेकडे, म्हणजे सीमेवर काढलेल्या लंब रेषेकडे झुकतो, तेव्हा त्याने नमस्कार केला म्हणायला हरकत नाही. माझ्या मते तिन्हींत दिसायला सुंदर हाच. पण पाण्यातून हवेत बाहेर पडताना किरण स्तंभिकेपासून दूर जातो, आणि मग हा कसला नमस्कार, असं कुणी विचारलं तर उत्तर नाही. विश्वकोशाने मात्र तो नेमाने वापरलाय, म्हणून रत्नांची, खनिजांची माहिती वाचताना प्रणमनांक दिसला की अपवर्तनांक समजायचं, म्हणजे त्या पदार्थात प्रकाशाचा वेग किती पटीने कमी होतो तो आकडा. पाण्याचा १.३३, साध्या काचेचा सुमारे १.५, हिऱ्याचा २.४२.

बारकाईने पाहिलं तर तिन्ही शब्द एका ठिकाणी सारखेच अपुरे पडतात. किरण पाण्यावर अगदी लंब पडला, तर तो वाकत नाही, वळत नाही, झुकतही नाही. सरळ आत जातो. तरी त्याचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटरवरून सव्वादोन लाखांवर आलेला असतोच, आणि मूळ कारण तर तेच. दिशा बदलणं हा परिणाम. तो डोळ्यांना दिसतो म्हणून नाव त्याचं पडलं.

बोलीत आपण यातलं काहीच म्हणत नाही. पाण्याच्या पेल्यात पेन्सिल तिरपी ठेवली की लहान मूल पटकन म्हणतं, "मोडली!" लॅटिनवाल्यांनाही तेच सुचलं होतं. मुलीला शिकवताना मी तरी आधी 'किरण सीमेवर मोडतो' असं सांगेन, मग पुस्तकातला शब्द. निदान वहीत धनुष्य तरी येणार नाही.

जाता जाता, तुम्ही विचारलं नाही पण या धड्याच्या आसपासच आहे म्हणून सांगतो. मुलगी मोबाइलवर हिंदी व्हिडिओ पाहून अभ्यास करत असेल तर 'विकिरण' या शब्दापाशी थांबवा. मराठी शालेय पुस्तकात विकिरण म्हणजे प्रकाश सूक्ष्म कणांवर आदळून विखुरणं, ज्यामुळे आकाश निळं दिसतं. हिंदीत मात्र विकिरण म्हणजे शेकोटीची ऊब लांबूनच अंगाला लागते ते, ज्याला आपण प्रारण म्हणतो. आणि आपल्या विकिरणाला हिंदीत प्रकीर्णन म्हणतात. अपवर्तनाच्या बाबतीत दोन्ही भाषांचं जुळलं, इथे मात्र तोच शब्द घेऊन दोघी दोन वाटांनी गेल्या.