पाण्याकाठचे पक्षी पळताना-उडताना फोटोत धूसर येतात. मोठी लेन्स घेतली तर प्रश्न सुटेल का?

नाही. शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटोवर सोडा, सूर्य पाठीशी घ्या. पण लेन्सचं विचारून तुम्ही माझ्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत.

आमच्या दाजींची सहाशे मिलिमीटरची लांब पल्ल्याची लेन्स, माझी जुनी ७०-३०० ची, म्हणजे निम्म्या पल्ल्याची. "त्यात पक्षी येत नसतात, बारशाचे फोटो काढ," हे दर दिवाळीला ऐकायचो. मग एका जानेवारीत दोघं येरळवाडीला गेलो, खटाव तालुक्यातल्या धरणावर. रोहित (फ्लेमिंगो) दिसतील या आशेनं दाजी खूश. मी उजाडायच्या आत काठाच्या चिखलात पालथा पडलो, कॅमेरा घडी केलेल्या पोत्यावर. "म्हशीगत काय लोळतोयस?" म्हणून दाजी हसले आणि बांधावर उभे राहिले.

अर्धा तास काही नाही. कोपरं गारठली. मग टिलवे, चिखलात किडे टिपणारे चिमुकले पाहुणे पक्षी, चोची मारत माझ्याकडंच सरकत आले, पार आठ फुटांवर. मुठीत मावेल एवढा जीव, आर्क्टिकच्या बाजूनं आलेला! पलीकडं एक शेकाट्या, काळ्या पंखांचा पांढरा पाणपक्षी, आंघोळ करत होता. आंघोळ उरकली की पक्षी पंख झाडणारच, म्हणून फोकस धरून थांबलो. (पांढरा भाग जळू नये म्हणून एक्स्पोजर जरा मायनसला.) त्यानं जागच्या जागी उडी घेतली, लांब गुलाबी पाय हवेत, थेंब चौफेर. चौदा फ्रेम.

एवढ्यात दाजींना फोटो जवळून हवा होता. उभ्यानंच खाली उतरले. टिटवीनं बोंब ठोकली आणि अख्खा काठ रिकामा. घरी त्यांचं कार्ड बघितलं तर नुसत्या पाठी, मागं चिखल.

पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आलात की मागचं पाणी तीनशेच्या लेन्समध्येसुद्धा धूसर होऊन विरघळतं. चिखल्या हा काठावरचा छोटा पक्षी चार पावलं पळतो, थबकतो, परत पळतो. थबकला की फोकस धरायचा. मागं धावणाऱ्याला शेपट्याच मिळतात. दाजी हे वाचत असतील तर वाचू देत.

हां, नदीवर सूर मारणारा सुरय टिपायला तीनशे कमी पडते, हे कबूल. पालथं पडण्याआधी काठीनं चिखल चाचपा, मी एकदा मांडीपर्यंत गेलोय. आणि उन्हाळ्यात कृष्णेच्या वाळूत टिटवीची, आर्ली नावाच्या छोट्या पक्ष्याची अंडी असतात, तिथं अजिबात लोळू नका.

तरी लेन्सच घ्यायची असेल तर दाजी त्यांची विकायची म्हणतायत. विचारून सांगतो.