आधी ऊसतोडीचं कॅलेंडर बघ

बीडच्या शाळेत दाढांच्या सीलंटचा, म्हणजे खाचा बुजवून कीड रोखणाऱ्या लेपाचा, अभ्यास करतोयस ना? मग फॉलोअप जानेवारीत ठेवू नकोस. दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात, लेकरंही सोबत जातात. मी एकदा रिकामे बाक मोजून परत आलोय. जुलैत सुरू कर, पुढची तपासणी थेट पुढच्या जुलैत.

सहाव्या वर्षी येणारी दाढ कायमची असते, पण आया ‘दुधाचीच हाय, पडंल की’ म्हणतात. संमती घेताना हे आधी समजाव. पालकांची सही हवीच; ७ ते १२ वर्षांच्या मुलांचा तोंडी होकार, त्यापुढे लेखी. सीटीआरआय, म्हणजे देशाच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, नोंदणी अभ्यासात पहिलं मूल घेण्याआधीच.

आणि बोअरच्या पाण्याच्या गावात तपकिरी डाग दिसला की लगेच कीड लिहू नकोस. पाण्यातल्या जास्त फ्लोराइडमुळे पडणारे डाग, म्हणजे फ्लोरोसिस, असू शकतं.