नुसत्या 'होऊन जाईल'वर मशीन बुक करू नकोस

पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन ठेवल्यावर बराच वेळ डोळा लागला नाही. पंचवीस लाखांच्या सीसीसाठी, म्हणजे धंद्याच्या रोजच्या खर्चाला लागणाऱ्या कॅश क्रेडिट कर्जासाठी, बँकेनं बाबांचं कागलचं घर तारण मागितलं, हे सांगताना तुझा आवाज बसला होता. ते वाईट वाटलंच. पण त्याहून जास्त काळजी तुझ्या पुढच्या वाक्याची वाटली. साहेब म्हणाले, "घराचे कागद आणा, बाकीचं होऊन जाईल," आणि तेवढ्यावर तू दुसऱ्या व्हीएमसीचं, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या त्या मिलिंग मशीनचं, कोटेशन मागवलंस. हे फोनवर बोलण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलो.

त्या 'होऊन जाईल'ची किंमत मी मोजली आहे. दहा-बारा वर्षं झाली त्याला. कोल्हापूरच्या उद्यमनगरातली एक लेथ सोडून शिरोलीत शेड टाकली होती, तीन मशीनं होती. एका फौंड्रीनं, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यानं, ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचं हाउसिंग द्यायचं कबूल केलं, महिन्याला चारशे नग. त्यासाठी नवीन मशीन हवं होतं. आमच्या बँकेचे मॅनेजर भले गृहस्थ. शेडवर आले, चहा घेतला, बोअर गेज हातात घेऊन बघितला, आणि म्हणाले, "तुमचं खातं एवढं स्वच्छ आहे, होऊन जाईल. मशीन बुक करा." मी दुसऱ्याच दिवशी सीसीतून चार लाख काढून ॲडव्हान्स भरला.

जूनमध्ये त्यांची बदली झाली. नव्या साहेबांसमोर जाऊन बसलो तेव्हा त्यांनी इनवर्डचं, म्हणजे आलेल्या कागदांच्या नोंदीचं, रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत तीन महिने मागं गेले. माझ्या नावाची नोंदच नव्हती. माझी निळी फाईल कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात निघाली, रिबन बांधलेली, आत मी दिले तसेच कागद. एकावरही शिक्का नाही. "बँकेच्या लेखी तुमचा अर्जच आलेला नाही," असं ते शांतपणे म्हणाले, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. मशीनवाल्यानं दोन लाख कापून घेतले. त्याहून वाईट म्हणजे सीसीतले चार लाख अडकल्यामुळं खेळतं भांडवल आटलं आणि दोन महिने पोरांचे पगार उशिरा झाले. इमानदारीनं काम करणाऱ्या माणसांसमोर मान खाली घालून उभं राहावं लागलं. शेवटी पतसंस्थेकडून चढ्या व्याजानं पैसे उचलले.

तेव्हापासून एक गोष्ट पाळतो, आणि तूही पाळ. मंजुरीचं पत्र हातात आल्याशिवाय कुणाला एक रुपया ॲडव्हान्स द्यायचा नाही. आणि सीसीतून मशीन तर कधीच घ्यायचं नाही. सीसी कच्च्या मालाला, पगाराला, वीजबिलाला. मशीनला टर्म लोन, ठरलेल्या मुदतीत हप्त्यांनी फेडायचं.

मोठ्या बँकेत तुझा राग कुणावर काढायचा हेच कळत नाही, असं तू म्हणालीस. खरं आहे ते. पूर्वी शाखेचा मॅनेजर बऱ्याच रकमेपर्यंत स्वतः निर्णय घ्यायचा. आता शाखा कागद गोळा करते आणि फाईल प्रोसेसिंग सेंटरला जाते. तिथल्या अधिकाऱ्यानं ना तुला पाहिलेलं असतं, ना तुझी शेड. त्यात २०१७ मध्ये स्टेट बँकेच्या सहयोगी बँका तिच्यात गेल्या, २०१९ मध्ये देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या, २०२० मध्ये आणखी सहा सरकारी बँका चार बँकांत विरल्या. कितीतरी शाखांच्या पाट्या बदलल्या, कुठं शाखाच बंद झाल्या. वीस वर्षांची ओळख असलेली माणसं पांगली. तुला ओळखणारा माणूस तीनेक वर्षांत जाणारच आहे. मागं राहतो तो कागद.

म्हणून अर्ज दोन प्रतींत घेऊन जा, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह इनवर्डचा शिक्का घे. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तर नम्रपणे तिथंच उभी राहा. छोट्या उद्योगाच्या अर्जाची पोच द्यायची, हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. पंचवीस लाखांपर्यंतच्या अर्जावर, कागद पूर्ण असतील तर, कामाच्या चौदा दिवसांत निर्णय द्यायचा आहे, आणि नाकारलं तर कारण लेखी द्यायचं आहे. पण पोच नसेल तर हे चौदा दिवस मोजायचे कुठून? बोलणं तोंडी झालं तर त्याच संध्याकाळी ईमेल टाक: आज आपलं असं बोलणं झालं, आपण हे कागद सांगितले, मी ते अमुक तारखेला देते. त्यात भांडण काही नाही. नवीन साहेब आले की तोच ईमेल तुझ्या बाजूनं बोलेल.

आता घराचं. २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेनं सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या, तेव्हा दहा लाखांपर्यंतच्या, कर्जाला तारण घ्यायचंच नाही असं बंधन घातलं. खातं चांगलं चाललं असेल तर बँक आपल्या अधिकारात पंचवीस लाखांपर्यंत तारण माफ करू शकते. 'करू शकते', करायलाच हवं असं नाही. दुसरी वाट सीजीटीएमएसईची, म्हणजे छोट्या उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या ट्रस्टची. केंद्र सरकार आणि सिडबी या लघु उद्योगांसाठीच्या बँकेनं २००० साली तो काढला. तुझं कर्ज बुडालं तर बँकेचा बराचसा तोटा तो भरतो, त्यासाठी दरवर्षी शुल्क पडतं. एप्रिल २०२५ पासून ही हमी दहा कोटींपर्यंत मिळते. तुझे पंचवीस लाख त्यात सहज बसतात. मग साहेब घर का मागतात? कारण घर हातात असलं की त्यांना रात्री झोप लागते. खातं थकलं तर मंजुरी देणाऱ्याची चौकशी लागते, निवृत्तीच्या तोंडावर असलेला माणूस तर घाबरूनच सही करतो. त्यांची भीती खोटी नाही. पण ती भीती बाबांच्या घरावर का यावी? अर्जातच लिही, की कर्ज सीजीटीएमएसईच्या हमीखाली विचारात घ्यावं, शुल्क भरायला मी तयार आहे. नाही म्हणाले तर कारण लेखी माग. आणि एक लक्षात ठेव, बरेच जण इथंच फसतात: ती हमी बँकेला असते, तुला नसते. कर्ज तुझ्या डोक्यावर तसंच राहतं.

बाबांना घराच्या कागदांबद्दल अजून काही विचारू नकोस. ते लगेच काढून देतील, म्हणूनच विचारू नकोस.

यापुढचं नीट वाच. मंजुरी मिळाल्यावर खरा जाच इथं सुरू होतो, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. धर, पंचवीस लाखांचं लिमिट मंजूर झालं. हा आकडा बहुतेक तुझ्या सव्वा कोटीच्या उलाढालीच्या वीस टक्क्यांवरून येईल, रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या जुन्या हिशोबानं. पण काढता येतात तेवढेच, जेवढी डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर निघते. डीपी निघते तुझा माल आणि येणी यांतून मार्जिन, म्हणजे तुझा स्वतःचा वाटा, वजा करून. आता तुझ्या शेडमध्ये उभी राहून बघ. दारापासून मशीनपर्यंत कास्टिंगचे ढीग आहेत, पण त्यातला एक नग तरी तुझा आहे का? सगळा माल फौंड्रीचा, नुसत्या कामासाठी चलनावर आलेला. जॉबवर्कवाल्याच्या, म्हणजे दुसऱ्याच्या मालावर मजुरीनं काम करणाऱ्याच्या, स्टॉक स्टेटमेंटमध्ये मालाच्या रकान्यात इन्सर्ट, टूल आणि कटिंग ऑइलपलीकडं फारसं काही उरत नाही. राहिली येणी. समज, अठ्ठावीस लाख येणं आहे आणि त्यातलं नऊ लाख नव्वद दिवसांपेक्षा जुनं आहे. ते नऊ लाख बँक धरतच नाही. उरले एकोणीस. पंचवीस टक्के मार्जिन गेलं की सव्वाचौदा लाख. मंजुरीच्या पत्रावर पंचवीस, हातात सव्वाचौदा. गिऱ्हाइकानं पैसे थकवले की ज्या महिन्यात तुला बँकेची गरज सगळ्यात जास्त, नेमकी त्याच महिन्यात डीपी खाली येते. उद्योजक बँकेवर चिडतात ते बहुतेक इथंच, आणि त्यांचा राग मला कळतो. पण दुखणं अर्धं बँकेत आहे आणि अर्धं फौंड्रीच्या अकाउंट्स खात्यात.

ढीग आपला दाखवून स्टेटमेंट फुगवायचा सल्ला तुला कुणीतरी देईलच. नाही करायचं. स्टॉक ऑडिटवाला आला आणि त्यानं चलनं मागितली, की एका दुपारीत तुझी सगळी पत गेली.

त्यापेक्षा येणी नव्वदच्या आत ठेव. तुझं टॅली मी मागं पाहिलं होतं. फौंड्री दोन लाख, तीन लाख असे ठोक पैसे टाकते आणि तुझी अकाउंटंट ते कुठल्याच बिलाला न लावता 'ऑन अकाउंट' ठेवून देते. त्यामुळं पैसे येऊनही जुनी बिलं जुनीच दिसतात आणि डीपीतून गळतात. प्रत्येक जमा सगळ्यात जुन्या बिलावर लाव. नुसत्या एवढ्यानं तुझे लाख-दोन लाख मोकळे होतील असं मला वाटतं. साठाव्या दिवशी लेजर घेऊन फौंड्रीत स्वतः जा, नव्वदाव्या दिवसाची वाट बघू नकोस. उद्यम नोंदणीचा, म्हणजे लघु उद्योगाच्या सरकारी नोंदणीचा, नंबर बिलावर छाप. २००६ च्या कायद्यानं लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी पंचेचाळीस दिवसांत द्यायचे आहेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या 'बँक दरा'च्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. २०२३-२४ पासून आयकरातही सोय झाली, वेळेत न दिलेल्या पैशांची वजावट खरेदीदाराला पैसे दिल्याशिवाय मिळत नाही. गिऱ्हाइकाविरुद्ध दावा घालून काम कोण टिकवतं, हे तूही जाणतेस. पण मार्च जवळ आला की या आयकराच्या कलमाची आठवण करून दिल्यावर चेक लवकर निघतात, हे मी अनुभवलं आहे. मोठ्या कंपनीचं थेट काम मिळालं तर तिला ट्रेड्सवर, म्हणजे बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन व्यासपीठावर, बिल मान्य करायला सांग. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची आहे. बिल मान्य झालं की पैसे आधी मिळतात, आणि पुढं कंपनीनं बुडवले तरी तुझ्याकडं परत मागत नाहीत.

तारखा भिंतीवर लाव. स्टॉक स्टेटमेंट दर महिन्याला वेळेवर. ते तीन महिन्यांपेक्षा जुनं झालं की खातं अनियमित धरलं जातं. सीसी वर्षाची असते, नूतनीकरण राहून १८० दिवस उलटले तर व्यवहार सुरळीत असूनही खातं एनपीए, म्हणजे बुडीत-थकीत, धरलं जाऊ शकतं. नूतनीकरणाचे कागद दोन महिने आधी दे, पोच घेऊन. नूतनीकरणाच्या वेळी विम्याची पॉलिसी पुढं सरकवतील. मालाचा, मशीनचा विमा लागतोच, तो घे. आयुर्विम्याचा आग्रह धरला तर मंजुरीच्या अटींत तो कुठं आहे, एवढंच विचार.

सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नकोस, हेही सांगितलं असतं, पण त्यातही खाचखळगे आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं, की एका बँकेत सीसी असेल तर दुसरीकडं चालू खातं ठेवायला मर्यादा. २०२१ मध्ये माझं पगाराचं चालू खातं तसंच गोठलं, आणि मला ते कळलं पगाराच्या दिवशी. नियम पुढं सैल झाले. पण दुसरं खातं उघडताना सीसीच्या बँकेला लेखी कळव.

आणि तक्रारीचं. आधी बँकेत लेखी तक्रार, तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, फुकट. पोच दिली नाही, कारण दिलं नाही, न सांगता पैसे कापले, यावर तो ऐकतो. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात तो पडत नाही. तिथं मग दुसऱ्या बँकेचं दार वाजवायचं. तुझी फाईल नीट असेल तर ते उघडतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळी शेडवर ये. येण्यांची यादी बिलवार आणि तारखेवार काढून आण, गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद आण, उद्यमचं प्रमाणपत्र आण. अर्ज आपण दोघं बसून लिहू, सीजीटीएमएसईची ओळ त्यात मी स्वतः घालीन. सोमवारी दोन प्रती घेऊन बँकेत जा. एकटीच जा, मी बरोबर नको. त्यांनी तुला ओळखायला हवं.

आणि कोटेशनवाल्याला आजच फोन करून सांग, मंजुरीचं पत्र आल्यावर बोलू.

तुझा,
काका